भाचा बेळगावला चाललाय: सैनिक नेमका कशाच्या बळावर उभा राहतो?

मोहोळ तालुक्यातल्या एका मामांचा प्रश्न आहे. बहिणीचा १९ वर्षांचा मुलगा अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या सैन्यभरतीत, निवडला गेलाय आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव केंद्रात प्रशिक्षणाला निघालाय. गावात फ्लेक्स लागलाय. पोरगा म्हणतो, देशासाठी चाललोय. वडील म्हणतात, कोरडवाहू दोन एकरांत काय भागतंय, पगारासाठी चाललाय. आई काहीच बोलत नाही. मामांना तीन गोष्टी हव्यात: सैनिकाला खरी प्रेरणा कशाची असते, चार वर्षांत ती अंगात मुरते का, आणि घरच्यांनी काय करायचं.

मी याच रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं रंगरुटांचा उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, होतो. आता सोलापुरात असतो आणि पहाटे भरतीची पोरं पळवतो. जे पाहिलंय त्यावरून सांगतो.

मामा, आधी बापलेकातला वाद मिटवा, कारण दोघंही खरं बोलतायत. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००, त्यातले ३० टक्के सेवानिधीत जमा आणि तेवढीच रक्कम सरकारची. चार वर्षांनी व्याज सोडून सुमारे १० लाख हातात. कोरडवाहू गावातल्या पोराला हा आकडा दिसणारच, आणि दिसावाच. पगारासाठी फौजेत जाणं यात कमीपणा कसला? आमच्या पिढीतलेही बहुतेक जण घरची चूल पेटावी म्हणूनच गेले होते. माझ्याकडे आलेल्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात विचारायचो, का आलास? कुणी म्हणायचं देश, कुणी म्हणायचं बहिणीचं लग्न, एकाने सरळ सांगितलं की गावातली एक मुलगी फौजी नवराच करायचा म्हणते. तो पुढे उत्तम सेक्शन कमांडर, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीचा म्होरक्या, झाला.

माणूस फौजेत येतो ते एका कारणाने, आणि गोळी चालू असताना जागा सोडत नाही ते दुसऱ्याच कारणाने. पहिलं कारण तो घरून घेऊन येतो. दुसरं त्याच्यात तिथे तयार होतं, आणि ते भाषणातून होत नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

केंद्रात गेल्यावर पहिले काही आठवडे पोराला वाटतं की हे लोक वेडे आहेत. केस कापतात, सगळ्यांना एकसारखे कपडे देतात, चादरीला एक सुरकुती दिसली तर बिछाना उलटा करतात. एकाचा बूट मळका निघाला तर अख्ख्या सेक्शनला रगडा. पोरं चिडतात, उस्ताद, चूक त्याची, शिक्षा आम्हाला का? उत्तर त्यांना शब्दांत मिळत नाही, पण महिनाभरात एक गोष्ट आपोआप घडते: रात्री झोपायच्या आधी पोरं एकमेकांचे बूट तपासायला लागतात. ज्याला दोर चढता येत नाही त्याला दुपारच्या वेळी दोघंजण घेऊन जातात. पळताना मागे पडणाऱ्याचा पिट्टू, म्हणजे पाठीवरची पिशवी, पुढचा घेतो. हा बदल दिसला की उस्ताद मनातून निर्धास्त होतो. तोंडावर दाखवत नाही, तो भाग वेगळा.

जोडीदार ठरवून दिलेला असतो, बडी म्हणतात. एक झोपला तर दुसरा जागा, एक पुढे सरकतो तेव्हा दुसरा त्याच्यासाठी गोळी चालवतो. बर्फात दिवसातून अनेकदा जोडीदाराच्या नाकाचा, बोटांचा रंग बघायचा, कारण हिमदंश स्वतःला कळत नाही. असं दोन वर्षं जगल्यावर तुमच्या भाच्याला कुणी विचारलं की तू चौकीवर का थांबलास, तर तो देश हा शब्द बहुतेक वापरणार नाही. तो एखाद्या जाधवचं किंवा गायकवाडचं नाव घेईल.

याचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा पुरावा आमच्याच रेजिमेंटमध्ये आहे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, कंपनीचे रनर म्हणजे निरोप पोचवणारे. नदी ओलांडताना समोरच्या बांधावरून मशीनगन सुरू झाल्या आणि जवळपास सगळे साथीदार पडले. जाधवांनी आधी काय केलं? एका जखमीला उचलून पाण्यातून, चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे नेऊन ठेवलं. मग पुन्हा गेले आणि दुसऱ्याला आणलं. त्यानंतर ते मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले. हाताला जखम झाली, टॉमीगन चालवता येईना, तर हातबॉम्ब टाकून ठाणी बंद पाडली. शेवटी बांधावर उभं राहून रणघोष केला आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

आता विचार करा, ते युद्ध कुणाचं होतं? इंग्रजांचं. इटलीतल्या त्या नदीचं आणि नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोराचं काय नातं? देशप्रेमाने याचं उत्तर मिळत नाही. पाण्यात पडलेले दोघे त्यांचे होते, आणि नाव त्यांच्या पलटणीचं होतं. १७६८ सालची ती जंगी पलटण. पिढ्यानपिढ्या जपलेलं ते नाव आपल्या पाळीला खाली पडू नये, ही भावना बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. फौजेत नाम, नमक, निशान म्हणतात ते हेच: पलटणीचं नाव, खाल्लेल्या अन्नाचं इमान आणि झेंडा. भाच्याच्या तोंडी हे शब्द पहिल्या सुट्टीतच ऐकाल. तेव्हा ते पाठ केलेले असतील, हसू नका.

पण इथेच एक अडचण आहे, आणि सोलापूरच्या माणसाने तरी ती टाळू नये. नुसतं पलटणीचं नाव आणि साथीदाराचं प्रेम पुरेसं धरलं, तर ती फौज कुणाच्याही हुकमावर कुणावरही चालेल. १९३० च्या मे महिन्यात, गांधीजींच्या अटकेनंतर, याच शहरात गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला आणि रस्त्यांवर लष्कर उतरलं. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांच्या चौकातून आपण रोज जातो. त्या वेळचे शिपाईही इमानाने नोकरी करत होते. त्यांची शपथ मात्र इंग्लंडच्या राजाच्या नावाची होती.

तुमचा भाचा जी शपथ घेईल ती वेगळी आहे, आणि ती त्याने समजून घ्यावी असं मला फार वाटतं. कसम परेडला तो भारताच्या संविधानाशी निष्ठेची शपथ घेतो. जमिनीवरून, समुद्रातून, हवेतून, जिकडे पाठवतील तिकडे जाईन आणि जिवाला धोका असला तरी हुकूम पाळीन, असं म्हणतो. त्यात कुठल्या पक्षाचं नाव नाही, नेत्याचं नाही, जातीधर्माचं नाही. आमच्या बराकीत पंढरपूरचा माळकरी आणि दुसऱ्या टोकाला नमाज पढणारा एकाच लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भोजनघरात, जेवायचे. गावाकडे परतल्यावर आजूबाजूला चाललेली भाषा ऐकून कधीकधी कानात बोळे घालावेसे वाटतात. असो.

आदर्श म्हटलं की आमच्या रेजिमेंटमध्ये शिवाजी महाराज येणारच. रणघोषच ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय, तेमलाई माता की जय’ असा आहे. ४ फेब्रुवारी हा मराठा दिवस, १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला म्हणून. पोरांना तानाजी पाठ असतो. मी मात्र त्यांना नेहमी महाराजांचं दुसरं एक पत्र सांगायचो, राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातलं, चिपळूणजवळ छावणीला असलेल्या अंमलदारांना लिहिलेलं. त्यात तलवारीचा पराक्रम कुठेच नाही. वैरण आणि दाणागोटा जपून वापरा, पावसाळ्याआधीच उधळलात तर पुढे घोडी मरतील आणि ते पाप तुमच्या माथी. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं धान्य, गवत, भाजी ओरबाडायला लागाल, आणि लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. इतकंच काय, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात पळवेल आणि गवताची गंजी पेटेल, असंही बजावलंय. एवढा मोठा राजा, आणि उंदराचा विचार करतो!

सैनिकाच्या आदर्शातला हा अर्धा भाग लोकांना माहीत नसतो. काश्मीरमध्ये, ईशान्येत गस्त घालताना दिवसेंदिवस एकही गोळी चालत नाही. तिथे काम असतं ते कुणाच्या घराची झडती घेताना दारात चिखलाचे बूट कसे न्यायचे, म्हातारीशी कुठल्या सुरात बोलायचं, सफरचंदाच्या बागेतून जाताना फांदीला हात लावायचा नाही, याचं. दगड आला तरी बोट ट्रिगरवर जायचं नाही. मरायला तयार असलेला पोरगा तयार करणं तुलनेने सोपं, संयम असलेला तयार करणं अवघड. विशीतल्या रक्ताला थांबायला शिकवणं हेच उस्तादाचं खरं काम, असं माझं मत आहे. यावर माझे काही जुने सहकारी वाद घालतात, घालू देत.

शौर्याबद्दल घरोघरी जी कल्पना असते तीही थोडी बदलायला हवी. परमवीरचक्र म्हटलं की लोकांना छातीवर गोळ्या झेलणारा माणूस दिसतो. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे बघा, कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या पलटणीचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराकडून राजौरीकडे रणगाडे जायचे होते आणि वाटेत सुरुंग, पाडलेली झाडं, उडवलेले रस्ते. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांत माणसं पडली, स्वतः राणे जखमी झाले. तरी ८ ते ११ एप्रिल त्यांनी काय केलं, तर काम केलं. रणगाड्याखाली सरपटत, दोरीच्या इशाऱ्यांवर चालकाला दिशा देत, वाट मोकळी केली. परमवीरचक्र मिळालेला हा माणूस मेजर होऊन निवृत्त झाला. रंगरुटांना मी हेच नाव मुद्दाम सांगायचो, कारण त्यांना वाटतं शौर्य म्हणजे मरण. हातातलं काम भीती वाटत असतानाही नीट करणं, इतकं साधं असतं ते बहुतेक वेळा. भीती सगळ्यांना वाटते. वाटत नाही म्हणणाऱ्याला मी पुढच्या गस्तीत घेत नसे.

आणि आपल्या जिल्ह्यातलंच नाव घ्यायचं तर पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी. २९ नोव्हेंबर २०१६ ला जम्मूजवळ नगरोट्यात लष्करी वसाहतीत अतिरेकी घुसले, आत बायका आणि तान्ही मुलं अडकली. त्यांना सुखरूप बाहेर काढण्याच्या कारवाईत मेजर गोसावी गेले. अधिकाऱ्यांना डेहराडूनच्या अकादमीत जे शिकवतात ते १९३२ सालचं, तेव्हाचे सरसेनापती चेटवूड यांचं वचन आहे: देशाची सुरक्षा, मान आणि हित सगळ्यात आधी; मग तुझ्या हाताखालच्या जवानांचा मान, हित आणि सोय; तुझी स्वतःची सोय आणि सुरक्षा शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. भिंतीवर लिहिलेली वचनं खूप असतात. हे पाळणारे अधिकारी मी पाहिलेत. जवान जेवल्याशिवाय ताटाला हात न लावणाऱ्या कॅप्टनमागे पोरं आगीत जातात, आणि जो लावतो त्याच्यामागे हुकूम म्हणून जातात. फरक मोठा आहे.

आता चार वर्षांचा प्रश्न. जून २०२२ मध्ये अग्निवीरांची ही योजना आली तेव्हापासून लोक मला हेच विचारतात. साथीदाराशी नातं जुळायला चार वर्षं लागत नाहीत, प्रशिक्षणाच्या सहा-सात महिन्यांतच ते जुळतं. पलटणीचं नाव अंगात भिनायला एखादं खडतर पोस्टिंग पुरतं. पण एक सुभेदार घडायला वीस वर्षं लागतात, आणि ती वीस वर्षं मिळणारे आता चारांतले एक, कारण २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. मला खटकतं ते हे की शेजारच्या खाटेवरचा माणूस जोडीदारही आहे आणि स्पर्धकही. बूट एकमेकांचे तपासणाऱ्या पोरांच्या मनात शेवटच्या वर्षी हिशेब सुरू होऊ नये एवढीच इच्छा. चांगला कंपनी कमांडर हे सांभाळतो, वाईट सांभाळत नाही. भाच्याला आत्ताच सांगा की कायम होणं हे ध्येय धरून जाऊ नको, नाहीतर चार वर्षं दुसऱ्याच्या चुका मोजण्यात जातील. सोबत हेही स्वच्छ सांगा की चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. हे आधी माहीत असलेला पोरगा नंतर कडवट होत नाही. बारावी राहिली असेल तर ती आणि पुढची पदवी नोकरीत असतानाच पुरी करायला लावा.

घरच्यांसाठी. पहिला महिना-दीड महिना फोन फार कमी येईल. येईल तेव्हा कदाचित रडत येईल, मला इथून न्या म्हणेल. अक्कलकोटकडचा एक रंगरूट रात्री सामान बांधून बसला होता. कारण विचारलं तर म्हणाला, आई फोनवर म्हणाली, लेका, तू गेल्यापासून मी जेवले नाही. बाईंचं प्रेम खोटं नव्हतं, पण त्या एका वाक्याने पोराचे पाय गळाले. उलट काही बाप म्हणतात, परत आलास तर तोंड दाखवू नको. तेही करू नका, त्या वाक्याने पोरं टोकाला जातात. एवढंच म्हणा: आज काय शिकवलं, सांग. बोलता बोलता सावरतो. घरातली बांधाची भांडणं, भावकीच्या कुरबुरी फोनवर सांगू नका, तिथे बसून तो काही करू शकत नाही. खरंच गंभीर घडलं तर लपवूही नका. कंपनीच्या कार्यालयाला कळवा, सुट्टीची सोय तिथले लोक बघतात.

तो फ्लेक्स मात्र उतरवाच. त्यावर फोटो आहे, पूर्ण नाव आहे, रेजिमेंट आहे. कौतुक ठीक, पण पुढे तो सीमेवर गेला की हीच माहिती फिरते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर वर्दीतला फोटो, पोस्टिंगचं ठिकाण, कुठल्या गाडीने निघाला, यातलं काही टाकू नका. चुलत भावंडांना हे दोनदा सांगावं लागतं.

पैशाचं बोललं की नातेवाईक नाराज होतात, तरी बोलतो. पोरगा नोकरीला लागला म्हणून त्याच्या नावावर ट्रॅक्टरचं कर्ज, घराचं कर्ज काढू नका. सेवानिधी सोडून पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात, त्यात त्याचाही खर्च असतो. सेवानिधीचे पैसे बहिणीच्या लग्नासाठी आत्ताच धरून ठेवलेत असं त्याला जाणवू देऊ नका.

पहिल्या सुट्टीत तो बदललेला दिसेल. पहाटे उठेल, ताट स्वतः घासेल, सगळ्यांना साहेब म्हणेल. पुढच्या एखाद्या सुट्टीत, कठीण जागेवरून आला तर, गप्प असेल. फटाक्याच्या आवाजाला दचकेल. पारावरची मंडळी विचारतील, किती मारले रे? मामा म्हणून त्या वेळी तिथे तुम्ही असा, आणि विषय बदला. त्याला बोलायचं असेल तेव्हा तो स्वतः बोलेल, बहुतेक शेतात, काम करताना. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, दारू वाढली असेल, तर ते फौजेच्या डॉक्टरांना सांगायला त्याला लाजू देऊ नका.

तुमच्या बहिणीला कसम परेडला नक्की न्या. तारीख केंद्राकडून कळते. सोलापुरातून बेळगावला विजापूरमार्गे एसटीने किंवा मिरजेहून गाडी बदलून जाता येतं, आदल्या दिवशी पोचा, कारण परेड सकाळी लवकर असते. सोबत आधार कार्ड हवं, गेटवर लागतं. आणि निघायच्या आधी भाच्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरचं, आधारवरचं आणि बँक पासबुकावरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते बघा. आईच्या नावाचंही तसंच. विम्याची रक्कम ४८ लाखांची आहे आणि नॉमिनी म्हणून बहुतेक पोरं आईचंच नाव देतात. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असलं की पुढे तहसीलच्या खेपा सुरू होतात. हे काम या आठवड्यात उरकून टाका.